काठीवरच्या कड्या

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती अशा तीन नद्या एकमेकींना भेटतात. गेल्या हिवाळ्यात तिकडे गेलो, तेव्हा माझ्याजवळ स्वतःच्या हाताने बांधलेली गळाची काठी होती. सात फुटांची पोकळ ग्रॅफाइटची कांब, आणि तिच्यावर अगदी सारख्या अंतरावर बसवलेल्या पाच कड्या! त्यांवरचे रेशमी दोऱ्याचे वेढे पाहून आमच्या घरच्या मंडळींनीही मान डोलावली होती. त्यांची नजर भरतकामाची. तेव्हा हे प्रशस्तिपत्र काही साधे नव्हे.

अभयारण्याची हद्द टाळून, रीतसर विचारपूस करून डोंग्यात बसलो. पहिल्या दोन-तीन फेका जवळच पडल्या. चौथ्या फेकीला मासा लागला, काठी वाकली आणि कट्‌कन आवाज झाला. शेंडा तुटला, मासा गेला! नावाड्याने तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि एका जागेवर मुकाट्याने बोट ठेवले. काठी नेमकी कडीपाशी मोडली होती.

दोष कांबीचा नव्हता, माझ्या टापटिपीचा होता. काठी सगळीकडे सारखी वाकत नाही. शेंड्याकडे जास्त वाकते. तिथे कड्या विरळ असल्या, तर तंगूस दोन कड्यांमध्ये धनुष्याच्या दोरीसारखा ताणून दूर जातो. सगळा भार दोन-चार जागांवर येतो, आणि तिथेच घात होतो.

आणि फेक जवळ का पडत होती? स्पिनिंगचे रीळ ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीवाल्याने १९०५ साली पेटंट केले. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटते, तसाच यातला तंगूस सुटतो. पण सरळ नव्हे, मोठी वेटोळी घेत. पहिली कडी लहान किंवा रिळाच्या फार जवळ असली, तर ही वेटोळी तिच्यावर आणि काठीवर आपटत जातात. म्हणून पहिली कडी मोठी, पुढच्या क्रमाने लहान. नरसाळ्यासारखी वाट हवी.

सात फुटांच्या काठीला दर फुटास एक कडी, शिवाय टोकाची वेगळी, हा जुना ठोकताळा बरा. टोकापासून मागे मोजत ४, ५, ६, ७, ८, ९ आणि ११ इंच अशी अंतरे धरावीत. म्हणजे हाताकडची कडी रिळापासून सुमारे वीस इंचांवर येते. मापे हाताकडून ३०, २०, १२ मिलिमीटर, आणि पुढच्या चार ८ मिलिमीटरच्या. पण हेही आरंभापुरतेच! प्रत्येक कांबीचा बाक निराळा. आधी कड्या चिकटपट्टीने बसवाव्यात, तंगूस ओवून त्याला वजन बांधावे आणि काठी वाकवावी. तंगूस बाकाच्या जवळून जाईपर्यंत कड्या पुढेमागे कराव्यात. मग मैदानात फेकून पाहावे, आणि मगच दोरा गुंडाळावा. जास्त कड्या म्हणजे जास्त चांगले असेही नाही. शेंडा जड झाला, की काठीची चपळाई जाते.

यंदा फराळाच्या डब्यांशेजारी नवी काठी वाळते आहे. कड्यांची अंतरे विषम पाहून घरच्या मंडळींनी नाक मुरडले. मुरडोत बापडी! या हिवाळ्यात पुन्हा त्याच डोंग्यात बसायचे आहे, आणि त्या मुक्या परीक्षकाला काठी दाखवायची आहे.