प्लस चालतो, मग मायनस का नाही?

आज एका पत्राचं उत्तर द्यायलाच हवं.

नवीन पनवेलहून एका आईने लिहिलं आहे. 11 ऑक्टोबर 2024 रोजी नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-295 उतरलं, वरून सुखोई गेलं, तेव्हापासून मुलाने फायटर पायलट व्हायचा ध्यास घेतला आहे. तो आता नववीत आहे. दोन्ही डोळ्यांना मायनस एक. मावसभावाचा नंबर प्लस एक. ‘त्याला चालेल म्हणतात, मग याला का नाही?’

नियम असा : फ्लाइंग शाखेत भरती होताना मायनस नंबर अजिबात चालत नाही. प्लस मात्र दोनपर्यंत चालतो. हा अन्याय वाटतो, पण कारण डोळ्याच्या रचनेत आहे.

मायनसवाल्याच्या डोळ्याचा गोळा बहुधा लांबट असतो, म्हणून दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. प्लसवाल्याची पलीकडे. कोवळ्या वयात डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. ते फुगतं आणि प्रतिमा पुढे ओढून पडद्यावर आणतं. त्यामुळे प्लस एकचा मुलगा चष्म्याशिवाय शेवटची ओळ वाचून दाखवतो. प्रतिमा मागे ढकलायची सोय मात्र डोळ्यात नाही. भिंग सैल सोडणं एवढंच हातात, आणि ते दूर बघताना आधीच सैल असतं.

आता माझा आवडता मुद्दा. उंचावर, निरभ्र निळाईत नजर टेकवायला काहीच नसतं. अशा वेळी डोळा आपोआप एक-दोन मीटरवर फोकस धरतो आणि धडधाकट 6/6 वाला पायलटही तेवढ्यापुरता मायनस होतो. म्हणून लांबच्या ढगाची कड, क्षितिज किंवा सोबतच्या विमानावर नजर टाकत राहायची सवय लावतात. समोरासमोर येणारी दोन विमानं ताशी 900 किलोमीटरने उडत असली, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला 500 मीटरने घटतं. पाच किलोमीटर म्हणजे फक्त दहा सेकंद! ठिपका दोन सेकंद उशिरा दिसला, तर एक किलोमीटर गेलाच.

चष्मा लावून भागणार नाही का? नोकरीत असताना नंबर लागलेले पायलट चष्मा लावून उडतातही. पण सात ‘जी’च्या वळणात तीस ग्रॅमचा चष्मा दोनशे दहा ग्रॅमचा होऊन नाकावरून घसरू लागतो. वर हेल्मेट, खाली ऑक्सिजन मास्क. म्हणून निवडतानाच कडक राहतात.

दुसरं मत जरूर घ्या. पहिल्या महायुद्धातल्या भारतीय पायलट इंद्रलाल रॉयला ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरने नजर अधू म्हणून नाकारलं, तेव्हा त्याने मोटरसायकल विकून बड्या नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली. निर्णय फिरला आणि जुलै 1918 मध्ये त्याने दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली. तुम्हीही डोळ्यांत ड्रॉप टाकून नंबर काढून घ्या. मुलं बघताना भिंग फुगवतात आणि खोटा मायनस दिसतो, असं पुष्कळदा होतं.

नंबर खरा निघाला, तर लेसिकची घाई नको. वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेलं लेसिक चालत नाही, आणि एनडीएचं वय त्याआधीच सरतं. पदवीनंतर हवाई दलाच्या एएफकॅट परीक्षेचा रस्ता उरतो, पण तिथे डोळ्याची लांबी 25.5 मिलिमीटरच्या आत लागते. लेसिकने बुबुळ घासलं जातं, गोळा आखूड होत नाही. ताणलेला पडदा तसाच राहतो, म्हणून ही अट. तांत्रिक शाखेत मर्यादेतला मायनस चालतो, हेही त्याला आजच सांगा.

आणि तुमची धाकटी लेक, जिला अजून चष्मा नाही, तिला रोज दोन तास उन्हाउजेडात खेळू द्या. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना मायनस कमी लागतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मुलींना लढाऊ विमानांचं दार 2016 मध्ये उघडलं, एनडीएचं 2022 मध्ये. क्लास संध्याकाळी उशिराचा घ्या, पण मैदान बुडवू नका.