हातातलं शीड, पायाखालची चाकं

शीड लावून पाण्यावरून जाणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. पण शीड हातात धरून कोरड्या वाळूवरून धावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, बेल्जियममधल्या डे पाने या गावी. तिकडे नोकरीला असलेला भाचा म्हणाला, "मामू, नुसतं बघत काय बसलात? धरा!"

साहित्य दोनच. एक, लँडबोर्ड. मीटरभर लांब, वीतभर रुंद फळी, तिला हवा भरलेली चार चाकं आणि पाय अडकवायला दोन पट्टे. आमच्या फळीला ब्रेक नव्हता. दुसरी, विंग. म्हणजे पंपानं हवा भरून ताठ केलेलं शीड. पुढच्या कडेला एक जाड नळी, मधोमध दुसरी, आणि तिला धरायला मुठी. डोलकाठी नाही. दोर एकच, विंग निसटून उडू नये म्हणून मनगटाला बांधलेला. पाण्यावरच्या खेळात २०१८-१९ पासून ही विंग फोफावली. जमिनीवर मात्र ती त्याहून लहान पुरते, कारण पाण्यापेक्षा चाकं फार सहज सरकतात.

डे पानेची पुळण ओहोटीला खूप रुंद होते आणि ओली वाळू घट्ट बसते. याच किनाऱ्यावर १८९८ मध्ये द्युमाँ बंधूंनी शिडाची गाडी पळवली. त्याच्याही आधी, १६०० च्या सुमारास, सिमोन स्टेव्हिन या गणितज्ञानं हॉलंडच्या राजपुत्रासाठी शिडाची गाडी बांधली होती. पंचवीसेक माणसं घेऊन ती शेव्हेनिंगेनहून पेटनला दोन तासांच्या आत पोचली, असं सांगतात.

आता शिकण्याचं. पहिला तास फळी बाजूलाच. नुसती विंग घेऊन वाळूवर चालायचं. पुढचा हात विंग सांभाळतो, मागचा हात जोर ठरवतो. मागचा हात अंगाकडे ओढला की विंग वारा धरते, सैल केला की सोडते. पूर्ण सोडला तर ती झेंड्यासारखी फडफडत राहते, ओढत नाही. मग फळीवर उभं राहायचं ते वारा कुशीवर घेऊन. थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणीच जाऊ शकत नाही. तिकडे जायचं तर गलबतासारखं नागमोडी. वळायला टाचांवर किंवा चवड्यांवर भार द्यायचा. थांबायचं तर फळी वाऱ्याकडे वळवून मागचा हात सैल करायचा.

ऐकायला सोपं. पण माणूस घाबरला की मूठ आवळतो, आणि इथे मूठ आवळणं म्हणजे वेग वाढवणं. दुसऱ्या दिवशी एक झोत आला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे मी शाळेत शिकलो होतो. अंगाला ते तेव्हा कळलं. मी दोन्ही हातांनी विंग घट्ट कवटाळली आणि फळीसकट आपटलो. पाण्यात पडलात तर भिजता, इथे हाड मोडतं. हेल्मेट, गुडघ्यांचे आणि मनगटांचे पॅड होते म्हणून लिहिता हात वाचला.

भाचा धावत आला. "मामू, सोडायचं होतं!"

मला आजोबा आठवले. वावटळीत शीड उतरवायला उशीर झाला म्हणून त्यांचा धाकटा भाऊ परत आला नव्हता. हे ते फार क्वचित, आणि फार थोडक्यात सांगत.

तिसऱ्या दिवशी वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास होता, एकसारखा. नवशिक्यानं एवढाच घ्यावा, आणि किनारा मोकळा असेल तेव्हाच. मी शंभरेक पावलांचं अंतर न पडता गेलो. चालत्या फळीवर वळणं मात्र अजून जमलेलं नाही. टोकाला पोचलो की उतरतो, फळी हातानं फिरवतो, विंग डोक्यावरून पलीकडे नेतो आणि पुन्हा चढतो. शेजारून दहा-बारा वर्षांची पोरं न उतरता वळून जातात.