टाच दुखते आहे, पण शर्यत सोडवत नाही

आधी पोहायचे, अंग ओले असतानाच सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवली की लगेच धावू लागायचे, अशा शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. खेळ तसा जुना नाही. अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९७४ साली या नावाची पहिली शर्यत झाली. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवर १५ माणसे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे एका दमात करण्यासाठी उतरली. त्यांपैकी १२ जणांनी ते पुरे केले. हीच ती आयर्नमॅन. २००० साली सिडनी येथे हा खेळ, लहान अंतरांचा का होईना, ऑलिंपिकमध्ये आला. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत होऊ लागली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, सारे मिळून साडेआठ तासांत.

आम्ही या शर्यतीचे हौशी गडी. गावच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो, सायकल तर शाळेला जाण्यासाठी चालवावीच लागे. नोकरी खुर्चीवरची, वय शेहेचाळीस. व्यावसायिक खेळाडूच्या मागे डॉक्टर, मालीशवाला आणि प्रशिक्षक उभा असतो. हौशी माणसाच्या मागे असतो तो घरखर्च आणि सोमवारची हजेरी. त्यामुळे दुखापत झाली की प्रश्न पदकाचा राहत नाही. नोकरीवर लंगडत जायचे की नाही, हा राहतो.

आमची दुखापत टाचेमागची. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला ज्या जाड दोरासारख्या कंडरेने बांधलेले असतात, तिला डॉक्टर अकिलिस टेंडन म्हणतात. शरीरातील सर्वांत जाड आणि बळकट कंडरा हीच. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो, मात्र टाचेच्या दोन-चार बोटे वर तिला रक्तपुरवठा तुटपुंजा. दुखणे बहुधा तेथेच मुक्काम करते. २०२१ च्या पावसाळ्यानंतर सिंहगडाचा रस्ता धावत चढण्याचा सराव चालू असता ते आमच्याकडे आले. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पाच-सात पावले जणू लाकडी पायाने टाकतो आहोत असे वाटे. गंमत अशी की धावायला लागले की दुखणे कमी होते. अंग तापले, बरे झाले असे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुपटीने वसूल करते. इतके कावेबाज दुखणे दुसरे नसेल.

एका डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. आम्ही ती सहा आठवडे घेतली. दुखणे थांबले, आणि धावायला लागताच आठ दिवसांत परत आले. दुसऱ्यांनी त्याच जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले, ते आम्ही घेतले नाही. या कंडरेच्या आसपास असे इंजेक्शन दिल्यास ती तुटण्याचा धोका असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची जंतुनाशक औषधेही कंडरेला बाधू शकतात. तेव्हा दुसऱ्या कशासाठी डॉक्टरांकडे गेलात तरी टाचेचे दुखणे त्यांच्या कानावर घालावे. आणि धावताना मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटून पाय लुळा पडला, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हांला पायरीवर उभे केले. या उपचाराची हकिकत मोठी मजेची आहे. स्वीडनच्या उत्तरेला उमेओ नावाचे शहर आहे. तेथील अस्थिशल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच अकिलिस दुखत होती. ते सांगतात की त्यांना शस्त्रक्रिया हवी होती, पण एवढी रजा देणे परवडणार नाही म्हणून वरिष्ठांनी नकार दिला. मग कंडरा इतकी दुखवू की शस्त्रक्रिया करावीच लागेल, असे ठरवून ते रोज टाच खाली दाबण्याचा व्यायाम करू लागले. झाले उलटेच. दुखणे गेले! त्यावरून त्यांनी १५ हौशी धावपटूंवर प्रयोग केला आणि १९९८ साली तो प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनी ते पंधराही जण पुन्हा धावू लागले होते. पुढच्या अभ्यासांत सर्वांनाच एवढा गुण आला नाही, हेही सांगितले पाहिजे.

व्यायाम असा. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी. दोन्ही पायांनी वर उचलायचे, चांगला पाय सोडून द्यायचा आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीखाली नेायची नाही तर उतरवायची, धसकन नव्हे. गुडघा ताठ ठेवून १५ वेळा, असे तीनदा. मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला १८० झाले. बारा आठवड्यांचे १५ हजारांवर! सोपे वाटू लागले की पाठीवर वजन घ्यायचे. आम्ही मुलाच्या शाळेच्या दप्तरात पाच किलो तांदूळ भरून जिन्यात उभे राहत असू. खालच्या मजल्यावरच्या आजी रोज विचारीत, "बाबा, दळण आणलं का?" (टाचेच्या अगदी हाडापाशी दुखत असेल तर टाच पायरीखाली नेत नाहीत. म्हणून एकदा तज्ज्ञास दाखवून मगच आरंभ करावा.)

दुसरी गोष्ट बाईंनी शिकवली ती गुण देण्याची. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे असह्य. पाचपर्यंत दुखले तरी चालते, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आले पाहिजे. स्वीडनमध्येच कारिन सिल्बरनागेल यांच्या २००७ च्या अभ्यासात या नियमाने धावणे चालू ठेवलेल्यांचे नुकसान झाले नव्हते. आम्ही घरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाशेजारी टाचेचा आकडा लिहू लागलो. पोहण्याला टाचेची आडकाठी नव्हतीच. सायकलच्या बुटाखालची क्लिप थोडी टाचेकडे सरकवली, त्याने पोटरीवरचा भार हलका झाला. प्रश्न उरला धावण्याचा.

१३ नोव्हेंबर २०२२ च्या गोव्याच्या शर्यतीची फी भरून झाली होती. ती आमच्या पगाराला झेपणारी नव्हे, आणि आमच्या पत्नींनी एकदाच विचारले, "अहो, पाय मोडून आलात तर?" आम्ही कागद घेऊन बसलो. पोहणे, सायकल आणि कपडे-बूट बदलणे यांत पाच तास गेले, तर साडेतीन तास उरतात. २१.१ किलोमीटर नुसते झपझप चालून तेवढ्यात काठावर बसते. म्हणून तीन मिनिटे चालणे, दोन मिनिटे हलके धावणे असे ठरले. आकडा पाचाच्या वर गेला की धावणे बंद, हे त्याच कागदावर लिहून पत्नींच्या हवाली केले.

समुद्र शांत होता. सायकलला मात्र उन्हाने आणि समोरच्या वाऱ्याने पंधरा मिनिटे जास्त खाल्ली. पायी निघालो तेव्हा सव्वातीन तासांहून थोडे कमी उरले होते. नऊ किलोमीटरपर्यंत आकडा तीन. बाराव्याला चार. चौदाव्याला सहा झाला. सात किलोमीटर बाकी, हातात सत्तर मिनिटांना थोडे कमी. अधूनमधून दोन-दोन मिनिटे धावलो असतो तर वेळेत पोहोचलो असतो, हा हिशोब चालता चालता तीनदा केला. तरी चालतच राहिलो. कागद घरी होता, पण त्यावरचे पाठ होते. कमानीशी पोहोचलो तेव्हा ८ तास ३४ मिनिटे झाली होती. निकालात आमच्या नावापुढे वेळ नाही, शर्यत अपूर्ण अशी नोंद आहे. दुःख झाले, नाही कसे म्हणावे? गळ्यात पदके घालून फोटो काढणाऱ्यांच्या बाजूने बॅग उचलून निघालो, तेव्हा डोळे भरून आले होते. मात्र मंगळवारी सकाळी टाचेचा आकडा पुन्हा दोनवर होता आणि कचेरीचे तीन मजले आम्ही पायी चढलो.

पुढल्या वर्षी तिथेच सांघिक गटात उतरलो. तिघांनी एकेक खेळ वाटून घ्यायचा, फीही वाटून. पोहणे आमच्याकडे, सायकल एका सहकाऱ्याकडे आणि धावणे पुतण्याकडे. तो एकवीस वर्षांचा. त्याच्या टाचांना अजून काही ठाऊक नाही. पायरीचा व्यायाम आता आठवड्यातून तीन दिवस, सावकाश, वर जातानाही आणि खाली येतानाही. दप्तरात तांदूळ बारा किलो झाला आहे. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे अशी छोटी शर्यतही असते. तेवढे पाच किलोमीटर आम्ही गेल्या रविवारी न थांबता धावून पाहिले. सोमवारी सकाळचा आकडा तीन होता, बुधवारी एक.