दुसऱ्या लॅपटॉपचा ॲडॉप्टर चालेल का?
घरी येणाऱ्या २३० व्होल्टची चिंता इथे नको. बहुतेक ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट पेलतात. पाहायचं ते ‘आउटपुट’. लॅपटॉपच्या तळाशी १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. व्होल्ट जुळायलाच हवेत. १९ आणि १९.५ एवढा फरक बहुधा खपतो, १५ आणि २० मधला नाही. अँपिअर जास्त असले तरी हरकत नाही, लॅपटॉप लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. कमी पडले तर ॲडॉप्टर तापतो किंवा बंद पडतो. ‘युनिव्हर्सल’वर व्होल्ट निवडायचं सरकतं बटण असेल, तर ते पिन खोचण्याआधी लावा. पिन घट्ट बसली म्हणजे जमलं, असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका: अधिक टोक आत की बाहेर, ही वर्तुळाची खूण दोन्हीकडे ताडून पाहा. डेलच्या अनेक मॉडेलांत मधली बारीक पिन ॲडॉप्टरची ओळख सांगते. ती पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. टाइप-सी असेल तर व्होल्ट दोघं आपसांत ठरवतात. वॅट पुरेसे आहेत का, एवढंच बघायचं.