रुग्णालयांत ॲक्युपंक्चर : मान्यतेनंतरचे प्रश्न

बंगळुरू शहराला ॲक्युपंक्चर नवे नाही. तुमकुरू मार्गावरील जिंदाल निसर्गोपचार संस्थेत जलोपचार, आहार आणि योग यांच्या जोडीने ते दिले जाते. या शहरात मुख्यालय असलेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या निसर्गोपचार व योगविज्ञान पदवी अभ्यासक्रमातही हा विषय शिकविला जातो. परंतु निसर्गोपचार केंद्रात दाखल होणारा रुग्ण वेळ आणि पैसा बाजूला काढून आलेला असतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाचा बहुधा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. या दुसऱ्या रुग्णापर्यंत ही उपचारपद्धती न्यावी काय, आणि न्यायची तर कोणत्या अटींवर, हा खरा धोरणात्मक प्रश्न आहे.

भारतातील ॲक्युपंक्चरचे नाते सर्वसामान्यपणे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याशी जोडले जाते. वस्तुतः १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातील कोटणीस हे तेथे शल्यचिकित्सक म्हणून कार्यरत होते आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ही विद्या शिकून ती कोलकात्यात रुजविली ती त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला. महाराष्ट्राचा अधिनियम २०१५ चा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र वैद्यकपद्धती न मानता केवळ उपचाराचा एक प्रकार म्हणून परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यास स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मात्र कायदेशीर मान्यतेने उपचाराची परिणामकारकता सिद्ध होत नाही. ते काम चाचण्यांचे आहे.

या संदर्भात जर्मनीतील अनुभव उद्बोधक आहे. दीर्घकालीन कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला. भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्या गटात हे प्रमाण ४४.२ टक्के होते, तर औषधे व व्यायामोपचार घेणाऱ्या गटात अवघे २७.४ टक्के. संशयवादी पहिल्या दोन आकड्यांकडे बोट दाखवतात, समर्थक पहिल्या आणि तिसऱ्याकडे. दोघांचेही म्हणणे आकड्यांना धरूनच आहे. नेमक्या बिंदूंच्या सिद्धान्ताला या चाचणीने फारसा आधार दिला नाही. पण नेहमीच्या उपचारांची उणीवही तिने झाकली नाही. जर्मन आरोग्य विम्याने २००७ पासून कंबर आणि गुडघ्याच्या दीर्घकालीन दुखण्यापुरता हा खर्च स्वीकारला. इंग्लंडमध्ये कंबरदुखीसाठी २००९ मध्ये केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली गेली. २०२१ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी मात्र नवी शिफारस आली. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०२० मध्ये अधिक व्यवहारी वाट धरली : कंबरदुखीसाठी नव्वद दिवसांत बारा बैठका, सुधारणा दिसल्यास आणखी आठ, न दिसल्यास उपचार बंद.

सुईची किंमत नगण्य असते. खर्च होतो तो प्रशिक्षित मनुष्याच्या वेळेवर. एका चिकित्सकाने दिवसाला बारा बैठका घेतल्या आणि वर्षात तीनशे दिवस काम केले, तर ३,६०० बैठका होतात. प्रत्येक रुग्णाला दहा बैठका लागतात असे धरल्यास वर्षाकाठी ३६० रुग्णांनाच सेवा मिळेल. खाटा वाढवून हा आकडा काहीसा वाढेल, इतकेच. खर्चाची दुसरी बाजू रुग्णाची. पीण्या येथील तयार कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिलाई यंत्रावर वाकून बसणाऱ्या स्त्रीला दहा बैठकांसाठी दहा अर्धे दिवस गमवावे लागणार असतील, तर तिच्या दृष्टीने हा मोफत उपचार मोफत राहत नाही. रुग्णालयांच्या जमाखर्चात ही रक्कम कोठेही दिसत नाही. सायंकाळच्या बैठका ठेवणे ही म्हणूनच केवळ सोयीची बाब नव्हे.

सुरक्षिततेचा मुद्दाही आहे. एकदाच वापरण्याच्या निर्जंतुक सुया अनिवार्य हव्यात. छातीच्या भागात खोल टोचलेल्या सुईने फुप्फुसाला इजा होऊ शकते. याहून मोठा धोका निदान लांबण्याचा. आपल्या देशात कंबरदुखीमागे मणक्याचा क्षयही असू शकतो. निदान प्रथम, सुई नंतर, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत उलटता कामा नये.

असा क्रम पाळणे शक्य आहे, हे बंगळुरूच्याच निम्हान्स संस्थेत योगाच्या बाबतीत दिसले. तेथे २००७ मध्ये योगाचे प्रगत केंद्र सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बी. एन. गंगाधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य व छिन्नमनस्कता यांत चालू औषधोपचाराला पूरक म्हणून योगाची परीक्षा केली. एकात्मिक वैद्यक विभाग आला तो त्यानंतर, २०१९ मध्ये. आधी अभ्यास, मग विभाग, हा क्रम ॲक्युपंक्चरलाही लागू करता येईल.

राहिला प्रश्न पैशाचा. आयुष्मान भारत योजनेचे विमासंरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे, आणि ॲक्युपंक्चर हा तर बाह्यरुग्ण उपचार. साहजिकच त्याचा भार एक तर रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर पडतो किंवा रुग्णाच्या खिशावर. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळ बाह्यरुग्ण उपचाराचा खर्च उचलते आणि प्रमाणित आजारपणात कामगाराला वेतनाच्या सत्तर टक्के भरपाईही देते. उपचाराचा खर्च आणि बुडालेले दिवस या दोन्हींचा हिशेब एकाच वहीत असलेली अशी दुसरी संस्था सापडणे कठीण. प्रयोग करावयाचाच असेल, तर महामंडळाच्या राजाजीनगर येथील वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात, केवळ दीर्घकालीन कंबरदुखीपुरता आणि बारा बैठकांच्या मर्यादेत तो करता येईल. वर्षभरानंतर वेदनाशामक गोळ्या किती कमी झाल्या आणि कामावरील गैरहजेरी किती घटली, हे त्याच वहीतून काढता येईल.