पूतना इतवारीत कशी आली?

आयरिश दंतकथेतला कू खुलिन हा योद्धा चिडला की त्याचं अंगच वेडंवाकडं होतं. 1983 मध्ये ‘2000 एडी’ या ब्रिटिश कॉमिकने तो राग उचलून आपल्या ‘स्लेन’ या नायकाला दिला.

आपल्या इतवारीत अशी उचलाउचल 1881 पासून चालू आहे, तीही रस्त्यावर. तान्ह्या पोळ्याला काळी मारबत निघते. कोणी म्हणतं ही पूतना, कृष्णाला विष पाजायला आलेली. कोणी म्हणतं ही बाकाबाई भोसले, इंग्रजांना मिळालेली. आता बाकाबाई तर खरी राणी होती, आणि 1857 मध्ये तिने इंग्रजांची बाजू घेतली हेही खरं. पण नागपूरचं राज्य 1854 लाच खालसा झालं होतं. मग तिच्या हातात उरलं काय होतं? हे कोणी विचारत नाही. एकदा पूतना म्हटलं की विषय संपला! मला हे खटकतं.

पिवळी मारबत 1885 पासूनची. नेहरू पुतळ्याजवळ दोघी भेटतात तेव्हाची गर्दी, बापरे!

बडग्यांचं मात्र मला पटतं. गळ्यात पाटी, पाटीवर कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी कोरोना. होर्डिंगसारखं, चालता चालता वाचून होतं. संध्याकाळपर्यंत पुतळा जळतो, पुढच्या वर्षी नवी पाटी.