दोन नळ्या, दोन सेन्सर: धुराच्या वाटेचे गणित

बडोद्याजवळचे डभोई हे आज केवडियाला जाणाऱ्या प्रवाशांच्या वाटेवरचे एक स्थानक. खंडेराव महाराज गायकवाड यांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली तेव्हा तिचे डबे बैल ओढत असत, कारण ते रूळ इंजिनाचा भार पेलण्याइतके भक्कम नव्हते. भक्कम रूळ पडल्यावर वाफेची इंजिने आली. या इंजिनांत काम करून झालेली वाफ नुसतीच बाहेर सोडत नसत. एका तोटीतून ती धुराड्यात फुंकली जाई. तिच्या झोताने भट्टीतला धूर वर खेचला जाई आणि त्याच्या जागी निखाऱ्यांवर ताजी हवा येई. चढावर वाफ जास्त खर्ची पडे, झोत वाढे आणि आगही आपोआप भडके. १९३८ साली ताशी २०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणाऱ्या ब्रिटनमधील ‘मॅलार्ड’ इंजिनाला दुहेरी धुराडे होते, ते याच तत्त्वावर.

पेट्रोल इंजिनात भट्टी नसते, पण बाहेर जाणारा वायू आत येणाऱ्या वायूला वाट करून देतो ही गोष्ट तिथेही खरी आहे. निकासाची झडप उघडली की जळके वायू धक्क्यासारखे नळीत शिरतात. धक्का पुढे सरकला की त्याच्या मागे दाब क्षणभर घटतो. त्या क्षणाचा नेमका उपयोग झाला तर सिलिंडरमधले उरलेसुरले वायूही ओढले जातात व ताज्या मिश्रणाला जागा मिळते. नळी अरुंद असेल तर वायू तुंबतात. ती अवाजवी रुंद असेल तर त्यांचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर गाडीची ओढ हरवते. त्यामुळे ‘नळी जितकी मोठी तितकी ताकद जास्त’ ही गॅरेजांतून ऐकू येणारी समजूत अर्धीच खरी आहे.

मागे दोन टोके दिसली म्हणजे रचना दुहेरी झाली असेही नाही. एका ओळीतल्या चार सिलिंडरची एकच नळी शेवटी दोन सायलेन्सरांत फुटत असेल, तर तो बहुतांशी शोभेचा भाग होय. खरी दुहेरी रचना व्ही आकाराच्या इंजिनांत पाहायला मिळते. तिथे प्रत्येक बाजूच्या सिलिंडरांना स्वतंत्र नळी असते. बहुतेक व्ही-८ इंजिनांत एका बाजूचे सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत, म्हणून एकाच नळीत कधी दोन धक्के लागोपाठ येतात, तर कधी मध्ये लांब खंड पडतो. हा असमतोल कमी करण्यासाठी दोन्ही नळ्यांना मध्ये एच किंवा एक्स अक्षराच्या आकाराची जोडनळी देतात.

ऑक्सिजन सेन्सर कुठे बसवायचा हा प्रश्न याच जोडनळीमुळे उभा राहतो. बॉशने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वोच्या मोटारींत बसला. धुरात किती ऑक्सिजन उरला आहे हे तो सांगतो आणि त्यावरून ईसीयू इंधनाचे प्रमाण ठरवतो. पेट्रोलसाठी आदर्श प्रमाण वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग इंधन असे आहे. साधा सेन्सर या रेषेच्या अलीकडे की पलीकडे एवढेच सांगू शकतो. ट्यूनिंगसाठी वाइडबँड सेन्सर लागतो, कारण रेषेपासून नेमके किती अंतर पडले हे त्यालाच कळते.

सेन्सरला फक्त त्याच्या अंगावरून जाणारा धूर कळतो. जोडनळीच्या पुढे तो बसवला तर दोन्ही बाजूंची सरासरी हाती येते. एक बाजू इंधनाने भरलेली आणि दुसरी कोरडी असली तरी आकडा निर्दोष दिसतो. कोरड्या बाजूच्या झडपा मात्र जळत असतात. म्हणून प्रत्येक बाजूला एक सेन्सर, त्या बाजूच्या सर्व नळ्या एकत्र आल्यानंतर पण जोडनळी व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, ही रीत. सिलिंडरच्या अगदी तोंडाशी तो अतितापतो आणि नळीच्या शेवटाशी बाहेरची हवा उलटी आत येऊन त्याला चकवते. शिवाय तो नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर कललेला हवा, नाहीतर नळीत साचणारे पाणी त्याच्यात उतरून आतली तापलेली माती तडकते.

सेन्सर फसण्याच्या दोन वाटा चालकांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. त्याच्या आधी नळीला बारीक भोक असेल तर धक्क्यांच्या मधल्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर ‘इंधन कमी’ असे सांगतो, ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो आणि मायलेज घसरते. खाऱ्या वाऱ्याच्या व चार महिने पावसाच्या गोव्यात वेल्डिंगच्या जोडांना गंज लागायला फार काळ लागत नाही. दुसरी वाट ठिणगी चुकण्याची. न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात, पण सेन्सरला दिसतो तो फक्त ऑक्सिजन. अशा वेळी इंधन वाढवणे म्हणजे रोगावर उलटे औषध.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मोटारींत कन्व्हर्टरच्या नंतरही सेन्सर असतो. तो कन्व्हर्टरचे काम तपासतो, ट्यूनिंगसाठी त्याचा आकडा घेऊ नये. कन्व्हर्टरच काढून टाकणाऱ्यांना मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) लागू होते: दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

दुहेरी रचनेचा एक फायदा मात्र दुरुस्तीच्या वेळी हमखास मिळतो. एका बाजूचा आकडा बिघडलेला दिसला तर दोन्ही सेन्सरांची अदलाबदल करावी. बिघाड सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर बदलायचा. जागच्या जागी राहिला तर त्या बाजूची नळी, गॅस्केट आणि स्पार्क प्लग तपासायला घ्यायचे.